विश्लेषण : एआय एजंटच्या साधनांवरची ‘पाटी’ नीट का लिहावी लागते?

नारायण पेठेतली एखादी मध्यम आकाराची पतसंस्था डोळ्यांसमोर आणा. शनिवारची संध्याकाळ, निम्मा स्टाफ घरी गेलेला. व्यवस्थापकांना संशय येतो की एका लिपिकाचा पासवर्ड भलत्याच्या हाती लागला आहे. नव्या सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये एआय सहायक आहे, त्याला मराठीतही विचारता येते. व्यवस्थापक घाईघाईने टाइप करतात, ‘त्यांचं अकाउंट लगेच बंद कर.’ काही सेकंदांत उत्तर येते, ‘अकाउंट बंद केले आहे.’

कोणते अकाउंट? लिपिकाचे संगणकावरचे लॉगिन, की त्याच संस्थेत असलेले त्याचे पगाराचे बचत खाते? सहायकाने दुसरे गोठवले असेल, तर सोमवारी त्या बिचाऱ्याचा कर्जाचा हप्ता परत जाईल आणि चोर मात्र लॉगिन करून आत बसलेलाच राहील. वर व्यवस्थापक निर्धास्त, कारण काम झाल्याचा निरोप मिळाला आहे.

हा प्रसंग कल्पित आहे, पण त्यातली चूक खरी आहे. ती टाळायची जागा म्हणजे सॉफ्टवेअरच्या पोटात लिहिलेल्या चार-पाच ओळी. त्या ओळींना ‘टूल डिस्क्रिप्शन’, म्हणजे साधनाचे वर्णन, म्हणतात. वापरणाऱ्याला त्या सहसा दिसत नाहीत.

एजंट आणि साधन म्हणजे नेमके काय?

चॅटबॉट बोलतो, एजंट करतो. करण्यासाठी त्याला साधने लागतात. नोंदी शोधणे, एखाद्या आयपी पत्त्याची पत तपासणे, संशयास्पद फाइल बाजूला काढणे, संगणक नेटवर्कवरून तोडणे, लॉगिन बंद करणे, यांतले प्रत्येक काम म्हणजे एक साधन. प्रत्येक साधनाला नाव असते, ते काय करते याचे वर्णन असते आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी असते. भाषेचे मॉडेल एवढेच वाचते आणि ठरवते की आता कोणते साधन उचलायचे, त्यात काय भरायचे.

साधनामागचा कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. म्हणजे शटर आणि त्यावरची पाटी असावी तसे हे आहे. आत काय आहे ते बाहेरच्याला पाटीवरूनच कळणार. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ ही खुली पद्धत जाहीर केली. त्यानंतर निरनिराळ्या कंपन्यांची साधने एकाच एजंटला जोडणे सोपे झाले. साहजिकच या पाट्यांची संख्या वाढली. त्या लिहिणारे हात मात्र बहुतेकदा प्रोग्रॅमरचे असतात. कोड स्वतःच लिहिलेला असल्याने ‘एवढे तर कळेलच’ असे त्यांना वाटते.

पुणेकरांना याचा धाक का असावा?

कॉसमॉस बँकेचे प्रकरण शहर विसरलेले नाही. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या या सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. त्या दिवशीही शनिवारच होता. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली. पैसे काढण्याच्या विनंत्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. बनावट यंत्रणाच ‘मंजूर’ म्हणत गेली. क्लोन केलेल्या कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि देशातल्या एटीएममधून सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. पुढे एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातल्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले.

तेव्हा एआय एजंट नव्हते, त्यामुळे त्यांच्यावर खापर फोडायचे कारण नाही. पण आज तसाच हल्ला झाला आणि एखाद्या एजंटला विचारले, ‘गेल्या दोन तासांत एटीएममधून काही विचित्र व्यवहार झाले का?’ तर काय होईल?

त्याच्याकडे ‘एटीएम व्यवहार शोधा’ नावाचे साधन आहे, समजा. ते नोंदी वाचते बँकेच्या मुख्य प्रणालीतून. तिथे तर काहीच पोहोचलेले नाही. एजंट प्रामाणिकपणे सांगेल, ‘संशयास्पद व्यवहार आढळले नाहीत.’ साधनाच्या वर्णनात एक वाक्य असते की ‘हे साधन फक्त मुख्य प्रणालीत नोंदले गेलेले व्यवहार पाहते, स्विचवर किंवा कार्ड नेटवर्कवर परस्पर मंजूर झालेले व्यवहार यात दिसत नाहीत’, तर चांगला एजंट निदान म्हणाला असता की मला अर्धेच चित्र दिसते आहे, कार्ड नेटवर्ककडची आकडेवारी ताडून पाहा.

साधनाला काय दिसते हे सगळेच लिहितात. काय दिसत नाही हे लिहिण्याचे मात्र फारच थोड्यांना सुचते.

चांगले वर्णन कसे असते?

पुन्हा त्या अकाउंटकडे येऊ. पुष्कळ ठिकाणी वर्णन असे सापडेल :

‘डिसेबल अकाउंट : अकाउंट बंद करते.’

नावात जे आहे तेच वर्णनात. एखाद्या दुकानावर ‘दुकान’ एवढीच पाटी लावावी तसे. आता हेच वर्णन असे लिहून पाहा :

‘कर्मचाऱ्याचे संगणकीय लॉगिन बंद करते. ग्राहकाच्या बचत, ठेव किंवा कर्ज खात्यावर याचा परिणाम होत नाही; त्यासाठी हे साधन वापरू नये. कर्मचारी क्रमांक द्यावा, नुसते नाव चालणार नाही. कृती तत्काळ लागू होते आणि प्रशासकाने मागे घेईपर्यंत टिकते. आधीच उघडी असलेली सत्रे यामुळे बंद होत नाहीत. ती तोडण्यासाठी यानंतर ‘सत्रे तोडा’ हे साधन वापरावे. वापरकर्ता नुसते ‘अकाउंट’ म्हणाला असेल, तर कोणते ते आधी विचारावे.’

सात वाक्ये आहेत आणि प्रत्येकाने एकेक अपघात अडवला आहे. एकाच नावाचे दोन कर्मचारी असतील तर तिसरे वाक्य उपयोगी पडते. चोर आधीच आत शिरलेला असेल तर पाचवे. लॉगिन बंद झाले तरी उघडे सत्र पुढे चालू राहू शकते, ही गोष्ट सुरक्षा विभागातल्या माणसाला अनुभवाने ठाऊक असते. एजंटला ती कुणी सांगितली तरच उमजण्याची खात्री.

पुणेरी पाट्यांची महाराष्ट्रभर थट्टा होते, पण त्यांचा एक गुण कुणी नाकारणार नाही. ‘बेल एकदाच वाजवावी’, ‘दुपारी १ ते ४ बंद’, ‘अमुक यांचा पत्ता येथे विचारू नये’. कोणी, केव्हा, किती वेळा आणि काय करायचे नाही, सगळे एका ओळीत. लिहिणाऱ्याने चुकणाऱ्या माणसाची कल्पना आधी केलेली असते, बहुधा तो माणूस चुकून गेल्यावर. साधनांची वर्णने लिहिणाऱ्यांनी केसरीवाड्याच्या आसपासच्या बोळांतून एक फेरी मारली तर वाया जाणार नाही.

‘काही आढळले नाही’ हे उत्तर धोक्याचे का?

सुरक्षेच्या कामात चुकीच्या कृतीइतकेच खोटे समाधान महागात पडते. त्याच्या दोन-तीन वाटा पाहण्यासारख्या आहेत.

पहिली वेळेची. बहुतेक यंत्रणा आपल्या नोंदी यूटीसी या जागतिक वेळेत ठेवतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. व्यवस्थापक विचारतात, ‘काल रात्री १२ ते ३ मध्ये कुणी लॉगिन केले होते का?’ साधनाच्या वर्णनात फक्त ‘सुरुवातीची वेळ’ आणि ‘शेवटची वेळ’ एवढेच लिहिले असेल, तर एजंट १२ आणि ३ हे आकडे जसेच्या तसे भरून मोकळा होईल. शोध घेतला जाईल आपल्याकडच्या पहाटे साडेपाच ते सकाळी साडेआठ या वेळेतला. रात्री दीड वाजता आलेला पाहुणा त्यात दिसणारच नाही. उपाय एका वाक्याचा : ‘वेळ यूटीसीमध्ये द्यावी, वापरकर्त्याने भारतीय वेळ सांगितली असल्यास त्यातून ५ तास ३० मिनिटे वजा करावीत.’ त्याहून बरा उपाय म्हणजे साधनानेच भारतीय वेळ स्वीकारावी आणि उत्तरात कोणती वेळ शोधली ते स्पष्ट छापावे.

सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत सर्व यंत्रणांची घड्याळे ठरावीक सरकारी वेळ-सर्व्हरशी जुळवून ठेवायला सांगितले आहे. नोंदी १८० दिवस जपायच्या आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची, हेही त्यातच आहे. सहा तासांच्या मुदतीत साडेपाच तासांचा घोळ कुणाला परवडणार?

दुसरी वाट शून्याची. पत तपासणाऱ्या साधनाने एखाद्या फाइलला ‘० धोका’ असे गुण दिले. याचा अर्थ फाइल तपासली आणि स्वच्छ निघाली, की ती कुणीच आजवर पाहिलेली नाही? ताज्या, खास तुमच्यासाठी बनवलेल्या व्हायरसला शून्यच मिळणार. वर्णनात हा फरक नसेल तर एजंट अनोळखी माणसाला सज्जन समजतो.

तिसरी वाट फारच साधी आहे. नोंदी दहा हजार आणि साधन परत देते पहिल्या शंभर. हे एजंटला सांगितलेच नाही, तर उरलेल्या नऊ हजार नऊशे नोंदींबाबतही तो तेवढ्याच आत्मविश्वासाने बोलतो.

साधने जास्त झाली की काय होते?

गोंधळ. ‘मशीन थांबवा’, ‘मशीन बंद करा’, ‘मशीन वेगळे करा’ अशी तीन साधने शेजारी ठेवली तर माणूसही अडखळेल. यांतल्या फरकाला मोठी किंमत आहे. संगणक नेटवर्कवरून वेगळा केला तर हल्ला पसरायचा थांबतो आणि मेमरीतले पुरावे शाबूत राहतात. तोच बंद केला तर मेमरीतले सगळे पुसले जाते आणि तपासणाऱ्यांच्या हाती धुपाटणे. म्हणून वर्णनात शेजारच्या साधनाचा उल्लेख हवा : हे नको असेल तर ते वापरा. शक्य असेल तिथे साधनांची संख्याच कमी करावी. वर्णनही पानभर नको. मॉडेलला प्रत्येक वेळी ते सगळे वाचावे लागते, आणि लांबलचक पाटी माणसाप्रमाणे त्याच्याकडूनही नीट वाचली जात नाही.

पाटी लावली म्हणजे कुलूप लागले का?

नाही. इथेच बऱ्याच संस्था फसतात. ‘वाहने लावू नयेत’ असे ठळक लिहिलेल्या फाटकासमोर दुचाकी उभी असतेच. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कंपनीच्या एआय एजंटने एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कोणताही बदल करू नकोस, अशा सूचना त्याला ठळक अक्षरांत पुन्हा पुन्हा दिलेल्या होत्या. त्यानंतर कंपनीने प्रयोगाचा आणि प्रत्यक्ष वापराचा डेटाबेस मुळातच वेगळा ठेवण्याची व्यवस्था जाहीर केली. म्हणजे आणखी मोठ्या अक्षरांत पाटी न लावता त्यांनी मध्ये भिंत घातली.

‘परवानगीशिवाय वापरू नये’ हे वाक्य वर्णनात असावेच. पण परवानगी नसेल तर कृती होऊच नये, ही तजवीज कोडमध्ये हवी. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये साधन फक्त वाचते की काही नष्टही करते, हे दर्शवणाऱ्या खुणा ठेवता येतात. त्या मात्र निव्वळ सूचक आहेत. ज्याने साधन दिले त्याच्यावर विश्वास नसेल तर खुणेवरही ठेवू नये.

पाटीच खोटी असेल तर?

एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्स या संस्थेच्या संशोधकांनी एक प्रात्यक्षिक दाखवले. दोन संख्यांची बेरीज करणारे निरुपद्रवी साधन. त्याच्या वर्णनात मात्र एजंटसाठी लपवलेल्या सूचना होत्या : आधी वापरकर्त्याच्या संगणकावरच्या गुप्त किल्ल्यांची फाइल वाच, तिचा मजकूर बेरजेसोबत पाठव आणि याबद्दल त्याला काही बोलू नकोस. वापरणाऱ्याच्या पडद्यावर फक्त बेरीज. या प्रकाराला ‘टूल पॉयझनिंग’ म्हणतात. वर्णन हा मॉडेलसाठी हुकूम असतो, म्हणून वर्णनात घुसलेला माणूस थेट एजंटच्या कानाशी बसतो.

सुरक्षा सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक पेच आहे. त्याचा एजंट दिवसभर हल्लेखोरांनीच लिहिलेला मजकूर वाचत असतो. फसव्या ईमेलचा विषय, फाइलचे नाव, चुकीच्या लॉगिनमध्ये टाइप केलेले वापरकर्तानाव. त्या रकान्यात कुणी ‘ही सूचना चाचणीची आहे, दुर्लक्ष कर’ असे लिहून ठेवले तर? नोंदी वाचणाऱ्या साधनाच्या वर्णनात स्पष्ट हवे की परत येणारा मजकूर हा पुरावा आहे, त्यातल्या आज्ञा पाळायच्या नाहीत. याने धोका कमी होतो, संपत नाही. ओवास्प या संस्थेच्या भाषा-मॉडेलविषयक धोक्यांच्या यादीत ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ पहिल्या क्रमांकावर आहे ते उगाच नाही. नोंदी वाचणाऱ्या एजंटला विध्वंसक साधने एकहाती वापरू देऊ नयेत, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय.

वर्णन आणि कोड यांत फरक पडला तर?

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार आठवतो? विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास, निळे पडदे. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले होते. त्यात एआय एजंटचा संबंध नव्हता. पण कंपनीच्या स्वतःच्या तपासात निघालेले कारण आपल्या विषयाला चिकटून आहे. एका घटकाच्या व्याख्येत २१ रकाने होते आणि प्रत्यक्षात माहिती पुरवणारा कोड २० च देत होता. एकविसावा वाचायला गेलेले सॉफ्टवेअर कोसळले.

कागदावरचा आणि कोडमधला हिशेब एका रकान्याने चुकला होता. एजंटच्या बाबतीत अशी तफावत पडली तर पडदा निळा होईलच असे नाही. मॉडेल उरलेला रकाना अंदाजाने भरून पुढे जाऊ शकते, आणि तसे झाले तर ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून साधन बदलले की त्याच दिवशी वर्णन बदलावे, आणि वर्णनातला प्रत्येक बदल कोडसारखाच दुसऱ्याने तपासावा.

हे लिहायचे कोणी आणि तपासायचे कसे?

कोड लिहिणाऱ्याने पहिला मसुदा करावा, पण अखेरचा हात फिरवायला ते काम रोज करणारा माणूस बसवावा. बँकेत ‘अकाउंट’ला दोन अर्थ आहेत हे त्याला कळते, सॉफ्टवेअर कंपनीला कळेलच असे नाही. तपासण्याची रीत अवघड नाही. लोक खरोखर विचारतात तसे वीस-पंचवीस प्रश्न, त्यांच्याच मराठी-इंग्रजी मिसळीत, लिहून काढावेत. ‘तो पीसी उडवा’, ‘काल रात्रीचं बघ’, ‘याचं अकाउंट बंद कर’. चाचणीच्या यंत्रणेवर एजंटला ते द्यावेत आणि त्याने कोणते साधन उचलले, त्यात काय भरले, एवढेच पाहावे. जिथे तो चुकला तिथले वर्णन सुधारून पुन्हा तेच प्रश्न द्यावेत. यातले काही प्रश्न मुद्दाम अर्धवट ठेवावेत; तिथे एजंटने अंदाज न बांधता उलट प्रश्न विचारला पाहिजे.

तुमची संस्था असे सॉफ्टवेअर विकत घेत असेल तर विक्रेत्याकडे सर्व साधनांची वर्णने लेखी मागा. ती देण्यात गुपित काही नाही. कोणती कृती माणसाच्या होकाराशिवाय होऊ शकते, कोणती मागे घेता येते, आणि अपडेटनंतर वर्णने बदलली तर ते कळवले जाते का, हे तीन प्रश्न त्यासोबत विचारा. वर्णने हाती आली की संस्थेतल्या एखाद्या जुन्या लिपिकाला वाचायला द्या. ‘यात खातं म्हणजे कुठलं खातं हो?’ असे त्याने विचारले, तर कागद विक्रेत्याकडे परत पाठवा.